खालापुरातला पिरॅमिड

१ फेब्रुवारी १९२७
आजपासून रोज पाचला उठणे. (उठलो साडेसातला. थंडी.) प्रांतसाहेब २८ला कॅम्पवर येतात. तोवर टेकडीवर माझी शिला उभी हवी. साहेबांच्या हस्ते अनावरण, की रावसाहेबकी खिशात! पाथरवटाने नाव कोरलं: 'रावसाहेब त्र्यंबक हर्डीकर'. पदवी आधीच घातली. नंतर पाथरवट कुठे शोधायचा?

४ फेब्रुवारी
मासिकात पिरॅमिडवर लेख. लाखभर मजूर, ओंडके, दोर आणि डिसिप्लिन! ओव्हरसिअर असताना तीस वर्षं मी हेच सांगत होतो. पुढच्या पानावर मजुरांनी मुळे, कांदे, लसूण किती खाल्ला त्याची हकिकत. शी! काय छापतात! ते पान कंदिलाची काच पुसायला हिला दिलं.

८ फेब्रुवारी
ठाकरवाडीची बारा माणसं आली. म्होरक्या धाऊ. अंगाला धुराचा वास, शिसारी आली. लेखातल्या चित्रात अधिकारी वर उभा असतो, म्हणून मी शिलेवर खुर्ची टाकून, छत्री उघडून बसलो. धाऊ म्हणाला, दादा, तुमी उतारलं तं धोंडा हालंल. उद्धट! उतरलो नाही. धोंडाही हलला नाही.

दुपारी म्हणे, जेवान कुठं हाय? मजुरी देतोय, जेवण कसलं? तर म्हणे, धोंडा वढायचा म्हंजी धन्यानं पंगत घालायची, आमची रीत हाय. भाकरी आन सुकट. माझ्या अंगणात सुकट! साफ नाही म्हटलं.

१३ फेब्रुवारी
चित्रात एक जण ओझ्यापुढे पाणी ओततो. मीही ओतवलं. चिखल झाला. शिला कशीबशी विहिरीपर्यंत सरकली आणि तिथेच रुतली. दोर टाकून सगळे चालते झाले. इजिप्तात खपवून घेतलं असतं का?

२० फेब्रुवारी
डिसिप्लिन हवी. कर्जतच्या जलाल घोडेवाल्याकडून हंटर आणला. वाडीवर गेलो. कुत्री मागे लागली. हंटर तिथेच राहिला. धाऊच्या बायकोने, कोंडीने, घरी आणून दिला. फिदीफिदी हसत होती. वीट आला या लोकांचा!

२७ फेब्रुवारी
सकाळी विहिरीकडून गलका. खिडकीतून पाहिलं, तीस माणसं गात गात माझी शिला ओढतायत! हंटरचा परिणाम, उशिरा का होईना. खाली गेलो नाही. साहेबांसमोरचं भाषण लिहीत बसलो. चार पानं झाली.

२८ फेब्रुवारी
शिला टेकडीवर नाही. विहिरीच्या काठाला आडवी, पक्की बसवलेली. ही म्हणाली, तुमच्या त्या पानावर कांदा-लसणाचं वाचलं. भाकऱ्या, कांदे, लसणाची चटणी केली, सुकट कोंडीने भाजली. अख्खी वाडी आली. धुण्याला दगड हवा म्हणून मी सात वर्षं कानीकपाळी ओरडतेय, तुम्ही ऐकलंत कधी?

प्रांतसाहेब आले ते घोड्याला पाणी पाजायला. नाव वाचलं. पदवी कधी मिळाली, विचारलं. मी म्हटलं, मिळायचीय. साहेबांनी घोडा वळवला. गेले. भाषण खिशातच राहिलं.

अक्षरं वरच्या अंगाला आहेत. कोंडी हिला सांगत होती, बरी खरखर हाय गं बाय, मळ झ्याक निघतो. पहिलं आपटलं ते माझंच धोतर. स्वच्छ निघालं.