प्रसूतिगृहात बोललेली गोंडी

बाई, एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहूनच गेली. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मीसुद्धा नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी ती डोक्यातून जात नाही. चंद्रपूरच्या नगरपालिकेचं प्रसूतिगृह तुम्ही चालवत होतात, खेड्यापाड्यातल्या सुइणींना शिकवणंही तुमच्याकडेच होतं. मी नवीन लागले होते. माझं गाव जंगलातलं, घरात गोंडी बोलायचे. पण नोकरी लागल्यापासून मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका खेपेला शिकायला आलेल्यांत कुरखेड्याकडची एक म्हातारी सुईण होती. तिला मराठी येत नव्हतं. तुम्ही कापडी बाहुली टेबलावर उताणी ठेवून बाळंतपण समजावत होतात आणि ती सारखी मान हलवत काहीतरी पुटपुटत होती. तिची बोली ऐकून सगळ्या नर्स हसल्या. ती काय म्हणते ते फक्त मला कळत होतं, तरी हसण्यात मीच पुढे होते. तुम्ही बाहुली बाजूला सारलीत. “हसून काऊन राह्यल्या? तिनं जेवढी लेकरं झेलली, तेवढी तुम्ही पाह्यली बी नाई.”

दुसऱ्या दिवशी वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतली एक पहिलटकरीण दाखल झाली. सकाळपासून कळा, दुपार कलली तरी बाळ पुढे सरकेना. डॉक्टर नागपूरला गेलेले, मोठ्या दवाखान्यात न्यायला मागवलेली गाडी आलेली नाही. ती तुमचा हात धरून म्हणते आहे, “बाई, मी मरतो आता.” तुम्ही वळून दारातल्या म्हातारीला विचारता, “माय, तू असती तं काय केलं असतं?” तिला प्रश्न कळत नाही. तुम्ही पुन्हा तेच विचारता, आणि माझ्या तोंडून गोंडी बाहेर पडते.

म्हातारी दचकली, मग भराभर बोलू लागली. मी सांगत गेले, “ती म्हणते, निजलेल्या बाईचं लेकरू का चढ चढून येईल? हिले उकिडवी बसवा, धराले काहीतरी द्या.” तुम्ही म्हणालात, “पह्यले तिले हात धुवाले सांग. साबणानं, कोपरापर्यंत.” मग आपण खिडकीच्या गजाला लुगडं बांधलं. म्हातारी गुडघे टेकून पाठीशी बसली. गाडी यायच्या आत मुलगी झाली, आणि अशी टाहो फोडून रडली की तुम्ही खुर्चीत टेकून हसायलाच लागलात. नाळ म्हातारीनं कापली, उकळलेल्या पात्यानं, तुम्ही शिकवलं होतं तश्शी.

नंतर तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. दुसऱ्या सकाळी शिकवणीच्या वेळी माझी खुर्ची म्हातारीच्या शेजारी मांडलेली होती, एवढंच. बाई, तुम्हाला आधीच ठाऊक होतं का? नोकरीच्या अर्जावर माझ्या गावाचं नाव होतं. मराठी न समजणाऱ्या म्हातारीला तुम्ही मराठीत, तेही दोनदा, का विचारलंत? प्रश्न तिला होता की मला?

पुढे कितीतरी वर्षं मी सुइणींना गोंडीतूनच शिकवलं. हे पत्र कुठे पाठवणार नाही, म्हणून लिहिते. परवा अहेरीच्या बाजारात टोपली घेतलेल्या एका बाईनं मला गोंडीत रस्ता विचारला. सोबत माझी शहरातली नवी सून होती. मी मराठीत उत्तर दिलं.