हजेरी क्रमांक सतरा

३ फेब्रुवारी
संकल्प: आफ्रिकेतून अमेरिकेत जहाजं भरभरून गुलाम नेले, तो धडा यंदा असा शिकवायचा की वर्ग रडला पाहिजे. चौदा तारखेला मुख्याध्यापिका तपासणीला येणार. इतिहास विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे. बायको म्हणाली, आधी पोरांची नावं पाठ करा. बावीस वर्षं हजेरी क्रमांकानेच हाक मारतोय, माझ्या वहीत नुसते आकडेच आहेत. झटपट काम, पक्षपात नाही.

५ फेब्रुवारी
फरशीवर खडूने जहाजाचं तळघर आखलं. माणशी दीड फूट, प्रत्येक चौकोनात क्रमांक. पोरं आडवी झाली. आधी खीखी, मग आपोआप गप्प. शिपाई म्हणाला, हे पुसायचं कोणी. कदरच नाही.

८ फेब्रुवारी
जहाजाच्या वहीत माणसांची नावं नसत, आकडे असत, हे सांगितलं. आवाज थोडा कापरा काढला. सतरा एकटक बघत होती. भारावली असणार.

९ फेब्रुवारी
हजेरीला सतराने ओ दिली नाही. समोरच बसली होती. कान तपासून घ्या, अशी पालकांना चिठ्ठी धाडली.

११ फेब्रुवारी
आज नऊ आणि अठराही गप्प. सर्दीची साथ. छातीत उगाच धडधडतं. चहा कमी करायचा.

१२ फेब्रुवारी
मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात गेलो. शिपायाने दोनदा पुसलंय म्हणे, पण चौकोन दिसतात. आतले आकडे माझ्याच अक्षरात. तिथे उभं राहवेना. भीती वाटली, खरंच.

१४ फेब्रुवारी
तपासणी. एक ते चाळीस हजेरी घेतली. कोणी ओ देईना. मागे मुख्याध्यापिका, हातात पेन. मग सतरा उठली. म्हणाली, सर, माझं नाव सांगा, मी हजर म्हणते. मी वहीत पाहिलं, तिथे नुसतं सतरा.

१५ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका म्हणाल्या, धडा इतका मुरलेला वर्ग त्यांनी पाहिला नाही. म्हणजे मी जिंकलोच. खुर्ची मात्र माझ्याहून धाकट्या एका सरांना. ऑफिसातून नावांची यादी मागून आणली. सतराचं नाव छान आहे. घरी दहादा म्हणून पाहिलं. बायकोने विचारलं, कोण ही. विद्यार्थिनी, म्हटलं. तिला बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
नावाने हाक मारली. ती हजर म्हणाली. आवाज कापरा झाला, या वेळी मुद्दाम न काढता. वही मिटणार, तोच अठरा उभा राहिला. मग नऊ. मग सगळा वर्ग. आपापल्या नावाची वाट बघत होते.

मी एकच नाव पाठ करून गेलो होतो. यादी घरी राहिली.