आजचा दर, पुढची तारीख

ताई,

परवा आमच्या ॲपवर वडवणीहून एक नोंद आली. शस्त्रक्रिया गर्भपिशवी काढण्याची, पैसे पूर्ण भरलेले. रुग्णाचं नाव वैष्णवी, वय चार. मला वाटलं, वय चुकून पडलं असेल. मग पैसे भरणाऱ्याचा नंबर पाहिला. तो तुझा होता.

तारीख एकवीस वर्षांनंतरची आहे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली, म्हणजे टोळी ऊसतोडीला निघण्याआधीची. दवाखान्यांचे दर बघा, आज पैसे भरा आणि याच दरात कधीही या, ही सोय मीच बांधली. तारखेला मर्यादा घालायची राहून गेली.

मी ती नोंद रद्द केली. दहा मिनिटांत ती पुन्हा आली. मागोमाग तुझा फोन.

"तुझं ॲप येडं हाय का गं? पैसे माघारी फेकलं. म्या पुन्हा भरले."

"ताई, ती चार वर्षांची आहे."

"म्हणून तर. माझ्या टायमाला, पाळीपायी तोडीत खाडा नको म्हणून, दवाखाना मुकादमानं ठरवला. हिचा म्या ठरवला, चांगला बघून."

मागून वैष्णवीचा आवाज आला, "आई, माझा नंबर लागला का?"

"लागला, बाई."

रद्द मी केलं होतं, हे तुला सांगितलं नाही.

आज पुन्हा रद्द करायला बसले आणि आधी त्या आठवड्याची यादी उघडली. सगळ्या जागा भरल्या आहेत. एकीचंही वय दहाच्या वर नाही. वैष्णवीचं नाव काढलं, की प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव आपोआप तिच्या जागी येईल. ती मुलगी तीन वर्षांची आहे.

माझं बोट अजून बटणावरच आहे.

तुझी,
मनिषा