चिंचेने घासलेले बादशहा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१४ मे २०२५

चि. प्रियदर्शिनीस,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. हर्षा भात खाते, भाजी ताटाखाली लपवते. दारापुढच्या कढीपत्त्याला नवी पानं आलीत. शुक्रवारी तू सोलचा ऑफिसचा दौरा आटपून येशील, तेव्हा हे पत्र तुझ्या टेबलावर असेल. एकाच घरात पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा हवापाण्याचंच बोलले.

तर, बुद्धपौर्णिमेच्या आधी मी पितळेची मूर्ती चिंच-मीठ लावून घासली. शेजारी तुझी रोमन नाणी होती. म्हणजे आपोआप आली नव्हती, ड्रॉवर मीच उघडला. सोळाशे-सतराशे वर्षांची बारा नाणी आणि अंगावर हिरवी बुरशी! वाटलं, सूनबाईला नोकरीपायी वेळ मिळत नसेल. बाराही लख्ख केली.

काय एकेक बादशहा निघाले! एकाच्या डोक्यावर टोकदार किरणांचा मुकुट, मान रेड्यासारखी. दुसरा कैद्याला केस धरून ओढतोय, आणि रत्नदीप म्हणतो, भोवती लिहिलंय 'रोमनांचं वैभव'. डोंबलाचं वैभव!

हर्षा शाळेतून आली ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळलीच. "आज्जी, द ग्रीन इज द ओल्ड पार्ट लाह! मम्मा शुअर क्राय!"

तेव्हा कळलं, तो हिरवा थर म्हणजेच त्यांचं वय. एकदा गेला की गेला. मी दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. थर काही परत आला नाही.

रत्नदीप म्हणाला, "आई, मी केलं म्हणून सांगतो. मला ओरडा खायची सवय आहे." मी नको म्हटलं.

खरं सांगू? ड्रॉवरला हात लावायचा नाही, असं तू त्या दोघांना दरडावलंस, ते मी ऐकलं होतं. मला मात्र तू सांगितलं नाहीस, आणि तेच मला लागलं. चार वर्षं मी इथे आहे. पोळी करपली तरी "छान झालीय, आई." दूध उतू गेलं तरी "असू द्या, आई." रत्नदीपने ओला टॉवेल पलंगावर टाकला तर अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. या घरात ओरडा न खाणारी मी एकटी. पाहुण्यांनाच कोणी ओरडत नाही.

कॉलेजपासून जमवलेली तुझी नाणी मी घालवली, त्याचं मला फार वाईट वाटतंय. पण या वेळी "असू द्या" म्हणू नकोस. बॅग ठेव, पाणी पी, आणि मला चांगली ओरड. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

दारातच उभी असेन,
तुझ्या घरचीच,
आई