चार नंबरची शेड

दादा,

अंडी घेणाऱ्या कंपनीची माणसं आली, तेव्हा मी त्यांना चुकून चार नंबरच्या शेडमध्ये नेलं, असं तू सांगत सुटलायस. वर माझ्याकडून लेखी माफी हवीय तुला.

चुकून काहीच झालेलं नाही. आठ वर्षं मी पाहुण्यांना एक नंबरचीच शेड दाखवली. खाली भुसा, मोकळ्या फिरणाऱ्या चाळीस कोंबड्या, आणि खोक्यावर त्यांचाच फोटो. बाकीच्या नऊ हजार कोंबड्या पिंजऱ्यांत आहेत, हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.

ती माणसं यायची होती त्या सकाळी चार नंबरमधली मेलेली कोंबडी काढायला गेले, तर ती निघेना. नखं वाढून तळाच्या तारेला वेढली होती. तिच्या शेजारचीही तशीच अडकलेली, पण जिवंत. तिला कात्रीने सोडवून घरी आणलं. सपाट फरशीवर तिला उभंच राहता येईना. आज दोन पावलं चालली.

हे पत्र तुला देणार नाही. ‘रागाच्या भरात लिहिलंय’ असं म्हणत तू वहिनीला वाचून दाखवशील. उद्या कामावर येतेय. चारही शेडच्या किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत, आणि पुढचे पाहुणे मंगळवारी येतायत.

तुझी धाकटी बहीण,
पूर्ण शुद्धीत