भांडण झालं तर बसायचं कुठे

बाबा, तुमच्या त्या एका प्रश्नाचा मला अजून राग येतो, कारण आमच्या अख्ख्या कायदा विभागात तो कुणाला सुचला नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. युरोपातला एक प्रांत आणि आपला विदर्भ यांच्यात कापसासाठी सहकार्याचा करार व्हायचा होता. पुढचा प्रत्येक व्यवहार त्याच नियमांनी चालणार होता, आणि त्याचा मराठी मसुदा नागपूरच्या कचेरीत मी केला होता. रविवारी तो घेऊन हिंगणघाटला आले. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे खाताय, मी एकेक कलम वाचून दाखवतेय. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, आवाजात केवढा तोरा.

"समदं बेस आहे, बाई. पण भांडण झालं तं बसाचं कुठी?"

"त्यांच्या राजधानीत. लवादापुढे."

"अन् कापूस?"

"कापूस कशाला, बाबा? कागद असतात."

तुम्ही ताटली सरकवली. "जिनिंगमंदी आमी ढिगापाशीच भांडतो. कापूस हातात घेतल्याबिगर कोणी निकाल देत नाई. इतकं शिकून येवढं समजत नाई काऊन तुले? साहेबाले सांगजो." एवढं झापलंत आणि स्वतःच्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून माझ्या ताटलीत टाकलेत.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला सांगितलं, साहेबांशी बोलले, पण त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही बाजारभर सांगत सुटलात, माही पोरगी साहेबाच्या तोंडावर बोलली म्हणून.

तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी आंजी गावच्या शेतकरी संघाने त्याच कराराखाली पाठवलेल्या कापसाच्या गाठी तिकडच्यांनी कचरा म्हणून नाकारल्या. सुनावणी तिकडे. जाणार कोण? कापसाला बोटही न लावता कोटवाल्यांनी निकाल दिला आणि संघ बुडाला. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. जो भेटेल त्याच्यापुढे साहेबलोकांचा उद्धार करत होते. संघाचे दोघं घरी आले. म्हणाले, "तुमचे बाबा सांगत जात, ताईनं तवाच साहेबाले सुनावलं होतं. तुमीच एक होत्या आमच्याकडून."

बाबा, मी बोलले नव्हते. मसुद्याच्या बैठकीत साहेबांनी दोनदा विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. कापसाच्या ढिगाचं नाव काढलं तर हसतील, म्हणून मी खाली मान घालून कागद लावत बसले.

हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही, आणि तुम्हाला पोचत नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या दोघांना मी चहा दिला आणि म्हटलं, हो, बोलले होते.