लाल माल

प्रिय भाऊ,

हे पत्र तुला आहे, पण उद्या सकाळी कारखान्याच्या फाटकाशी ते मी तुझ्या रंगखात्यातल्या सोबत्यांना वाचून दाखवणार आहे. ज्यांच्या उशा घामानं कधी निळ्या, कधी पिवळ्या होतात, त्यांना! नाकातोंडात काय जातं हे त्यांना जिवंतपणी कुणी विचारलं नाही. मेल्यावर मात्र व्यसनाची चौकशी होते. परवा तुझ्या शोकसभेत मॅनेजर म्हणाला, "रघुनाथ माणूस चांगला, पण तंबाखूनं नेला. मित्रांनो, व्यसन सोडा." दोन मिनिटं शांतता पाळली आणि पाळी सुरू झाली. गावोगावच्या सभांत बोलणारी तुझी बहीण तिथे मान खाली घालून उभी राहिली. म्हणून आज लिहितेय.

सूत रंगवायच्या त्या खात्यात तू सव्वीस वर्षं रंगाची भुकटी पिंपात कालवलीस. मास्क मागितला की गूळ मिळायचा! पाळी सुटताना हातावर एक खडा. म्हणे, गळा साफ होतो. तोही तू रुमालात बांधून धरणगावला घरी पोरींसाठी आणायचास.

रंगानं माखून घरी आलास की वहिनी दारातच अडवायची. "होळी खेळीसन उनात का? आंगणमाच धुवा!" तू हसायचास. मीही हसले, भाऊ.

तुमची थुंकी रंगीत, घाम रंगीत, लघवीसुद्धा रंगीत. मग एकदा वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना लघवीला लाल होतंय. मी विचारलं तर तू हात झटकलेस. "आज लाल माल व्हता ना, तोच उतरी राह्यना. बठ्ठासनं असंच शे."

आणि सगळ्यांचंच असं असतं, हे मला पटलं! एवढी पुस्तकं वाचलेल्या मला! दुसऱ्या दिवशी कोणत्या रंगाचा माल होता, एवढंही मी विचारलं नाही. हिरव्या मालाच्या दिवशीही लालच येत होतं, हे तू पाच महिने लपवलंस. का रे? खाडा होईल म्हणून? की तुला कळून चुकलं होतं?

धुळ्याच्या दवाखान्यात तुझा केसपेपर काढला. व्यवसाय: मजुरी. सवय: तंबाखू. झालं, माणूस संपला. तंबाखूला मी निर्दोष म्हणत नाही. तिनं घात केलाच असेल. पण तिनं एकटीनं? शेवटी एका डॉक्टरीणबाईंचं तुझ्या नखांकडे लक्ष गेलं. "काम कसलं करता?" तू म्हणालास, "रंगखात्यात." त्यांचं पेन थांबलं. "हे आधी का नाही सांगितलंत? काही रंगांमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो. आमच्यासाठी हे फार जुनं ज्ञान आहे."

जुनं! मग तुझ्या खात्यापर्यंत ते पोचायला कुणाचं मरण हवं होतं?

शोकसभेहून निघाले तर भिका मागे आला. तुझ्याशेजारी पिंप ढवळणारा, तुझ्याशी लावलेल्या पैजा हरणारा भिका. इकडेतिकडे बघत कुजबुजला, "अक्का, माले बी लाल व्हस. पन काय नही, लाल मालच चालू शे."

"आणि रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी बी व्हस," तो पुटपुटला. रविवारी कारखाना बंद असतो, भाऊ.

तुझ्यासाठी मला उशीर झाला. भिकासाठी होऊ देणार नाही, हा माझा शब्द. उद्या हे वाचून झालं की त्याचा दंड धरून मी त्याला दवाखान्यात नेणार आहे.

आणि रंगखात्यातल्या भावांनो, तुम्ही तिथे उभे आहात ना? मग आज फाटकातून आत जाऊ नका. भिकाबरोबर चला, लघवी तपासून घ्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कामाचं नाव केसपेपरवर लिहून घ्या: रंगखातं.

तुझी धाकटी बहीण,
शालिनी